पाड्यावरच्या शाळेतल्या शिक्षकाला सोबत कोणाची?

पाड्यावरची_बाई

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ-सुरगाणा भागात, पहिली ते चौथीच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी नऊ वर्षे शिकवते आहे. यंदाचा पट २३ आहे. माझे सहकारी दिवाळीनंतर कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, दुसऱ्या शाळेत गेले आणि तेव्हापासून चारही वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि टपाल असे सगळे माझ्याकडेच आहे. कामाचा भार आहेच, पण मला आज त्याविषयी लिहायचे नाही. मला विचारायचे आहे ते एकटेपणाविषयी.

एक प्रसंग सांगते. तिसरीतील एक मुलगा ५२ मधून २७ वजा करताना दर वेळी ३५ लिहीत होता. मी आठवडाभर त्याला ‘हातचा घे’ हेच निरनिराळ्या आवाजांत सांगत राहिले. शेवटी सहा किलोमीटरवरच्या शाळेतील सरांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, त्याने काय चुकवले ते नंतर पाहू, आधी त्याने बरोबर काय केले ते सांगा.” मी वहीकडे पुन्हा पाहिले. त्याने सातातून दोन वजा केले होते, म्हणजे तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत होता, आणि ते तो अगदी अचूक करत होता. त्याच्यासाठी बावन्न ही एक संख्या नव्हतीच, पाच आणि दोन असे शेजारी बसलेले दोन अंक होते. दुसऱ्या दिवशी आम्ही काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. सत्तावीस काड्या मागितल्यावर तो थोडा वेळ थांबला आणि त्याने स्वतःहून एका गठ्ठ्याचा रबर सोडला.

तो फोन झाला नसता, तर मी अजूनही ‘हातचा घे’ म्हणत राहिले असते. मोठ्या शाळेत अशी गोष्ट मधल्या सुटीत चहा पिताना सुटून जाते. आमच्याकडे मधली सुटी आहे, बोलायला दुसरे कोणी नाही. म्हणून विचारते: आपल्यापैकी कोणी लहान शाळांतील शिक्षकांचा असा गट उभा केला आहे का? तो कशाने टिकला आणि कशाने मोडला?

जुना_केंद्रप्रमुख

ताई, आपण विचारलेली गोष्ट शासनाला कधी सुचलीच नव्हती, असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांपैकी शक्यतो एक महिला, हे तिचे मुख्य सूत्र होते. एका शिक्षकाने शाळा चालवू नये, हा विचार त्यामागे स्पष्ट होता. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या डाएट संस्था उभ्या राहिल्या त्याही त्याच धोरणातून. पुढे १९९४ मध्ये आपल्या राज्यात केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, साधारण दहा शाळांमागे एक. आपल्याला सहा किलोमीटरवरून फोनवर जे मिळाले, ते शाळेत येऊन देणारा माणूस असावा, हीच त्या पदामागची कल्पना होती.

माझ्याकडे अकरा शाळा होत्या. पहिली दोन वर्षे मी शाळेत गेलो की गुरुजी उठून दप्तर पुढे करत, मी हजेरी आणि टाचण तपासून शेरेबुकात चार ओळी लिहीत असे आणि निघत असे. एकदा एका गुरुजींनी मला नम्रपणे विचारले, “साहेब, तुम्ही वर्गात कधी बसणार?” तो प्रश्न मला लागला. त्यानंतर मी नियम केला की पहिला तास मागच्या रांगेत मुलांबरोबर बसायचे आणि उठताना गुरुजींना एकच विचारायचे, ‘सध्या कोणते मूल अडले आहे?’ शेरेबुक शेवटी. सहा-सात महिन्यांनी शिक्षक मला स्वतःहून अडचणी सांगू लागले. अडचण सांगितली तर ती आपल्याविरुद्ध लिहिली जाणार नाही, ही खात्री पटायला तेवढा काळ गेला. आपल्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर या खात्रीपाशी आहे.

रोखठोक

जुना_केंद्रप्रमुख यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो की, ते सांगतात ते दिवस आमच्या वाट्याला आले नाहीत. आमच्या केंद्राला पूर्णवेळ केंद्रप्रमुख नाही. एका मुख्याध्यापकांकडे स्वतःची शाळा सांभाळून प्रभार आहे, आणि ते गृहस्थ सज्जन असले तरी दिवसाचे तास वाढवू शकत नाहीत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवली जातात, कोणाची माहिती भरायची राहिली त्यांची नावे घेतली जातात, एखादा नमुना पाठ होतो, त्याचे फोटो काढले जातात आणि आम्ही घरी येतो. गेल्या वर्षभरात एकाही परिषदेत कोणी ‘माझ्या वर्गात हे जमत नाही’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. वरिष्ठांसमोर तसे कोण म्हणेल? आधार देणारी व्यवस्था आणि तपासणी करणारी व्यवस्था एकच असेल, तर माणूस तिच्यापुढे मन मोकळे करत नाही.

कृष्णाकाठ

रोखठोक, तुमचा शेवटचा मुद्दा बहुतांशी मान्य आहे, पण तो सर्वस्वी खरा नाही. साताऱ्याजवळचे कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांचा गट, आठवा. तिथे पुढाकार घेणाऱ्या प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी, म्हणजे तपासणी करणाऱ्या व्यवस्थेचाच भाग होत्या. मी आमच्या तालुक्यातील सात-आठ शिक्षकांबरोबर त्या शाळा पाहायला गेलो होतो. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तिथे येत. मुले खडे, काड्या, कार्डे घेऊन जमिनीवर गटांत बसलेली, आणि शिक्षक त्यांच्यात मिसळलेले. त्याहून मला महत्त्वाचे वाटले ते हे की, तिथल्या शिक्षकांना एकमेकांच्या वर्गात काय चालले आहे ते ठाऊक होते. एका शाळेत मी काही विचारले, तर त्या बाई म्हणाल्या, “हे मला नीट जमलेले नाही, तुम्ही पुढच्या शाळेत पाहा.” इतक्या सहजपणे असे म्हणणारे शिक्षक मी तोवर पाहिले नव्हते.

खंतही सांगतो. परत आल्यावर आम्ही महिनाभरात तिथल्यासारख्या आमच्या शाळांच्या फरशा रंगवल्या. अंकांची चौकट, सापशिडी, बाराखडी, सगळे केले. एकमेकांच्या वर्गात जाणे मात्र आम्ही सुरू केले नाही. रंग दोन पावसाळ्यांत गेला.

वारली_मुलुख

कृष्णाकाठ यांचा शेवटचा परिच्छेद आमच्या केंद्रातील प्रत्येकाने वाचावा असा आहे.

मी पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बालशिक्षणाचे काम १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झाले आणि पुढे कोसबाडला गेले, हे आपण सारे जाणतो. ताराबाईंनी शिक्षणपत्रिका हे नियतकालिक चालवले, हे त्या मानाने कमी आठवले जाते. वाहनांची आणि फोनची सोय नसलेल्या काळात दूरदूरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा तो मार्ग होता. दोन माणसे भेटू शकत नसतील, तर त्यांच्यात निदान लिहिलेला कागद जावा.

आताचे सांगायचे, तर वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांनी उभी केलेली क्वेस्ट ही संस्था २००७ पासून या भागात काम करते आहे. त्यांच्या कामातून मी उचललेली गोष्ट अशी की, प्रशिक्षण झाल्यावर कोणीतरी वर्गात येऊन बसले पाहिजे आणि नंतर शिक्षकाबरोबर त्या तासाविषयी बोलले पाहिजे. सभागृहात ऐकलेले माझ्या वर्गाच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. आत येण्यासाठी त्याला सोबत लागते.

नवा_शिक्षणसेवक

मी धाग्यातील सर्वांत अननुभवी सदस्य असेन. गाव मराठवाड्यात, नेमणूक कोकणात. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा मिळाला तेव्हा नकाशात शोधावा लागला. मानधन १६,००० रुपये, त्यात खोलीभाडे, जेवण आणि सणाला घरी जाणे बसवायचे. शाळेपासून एसटीचा थांबा तीन किलोमीटर चढणीवर आहे. इथली मुले घरी जी बोली बोलतात, ती मला पहिले दोन महिने नीट समजत नव्हती आणि माझी बोली ऐकून ती हसत. आज आमचे चांगले जमते, परंतु ते दोन महिने फार कठीण गेले.

मला त्या काळात पाठ कसा घ्यावा हे सांगणाऱ्यापेक्षा, ‘जेवलास का’ असे विचारणारा माणूस हवा होता. तो मिळाला. शेजारच्या वाडीतील शाळेच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात स्वतःहून येऊन पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, रॉकेल कुठे मिळते, शालार्थचे, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन नोंदींचे, काम कोणाकडे असते, हे सगळे एका वहीच्या पानावर लिहून दिले. ते पान अजून माझ्याजवळ आहे. माझ्याबरोबर रुजू झालेले बरेच जण बदलीची वाट पाहत दिवस मोजतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याला पहिल्या महिन्यात असे एखादे पान मिळते, तो थोडा निराळा वागतो, असे मला वाटते.

पाड्यावरची_बाई

@नवा_शिक्षणसेवक, वाचून गलबलून आले. माझ्या पहिल्या वर्षी मला ते पान कोणी दिले नव्हते, आणि नंतर आलेल्या कोणाला मीही दिलेले नाही. ते आता लिहीन.

तंत्रस्नेही_गुरुजी

प्रत्यक्ष भेटीवर सगळ्यांचा भर दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दुर्गम भागात शनिवारी वीस किलोमीटर जाऊन बैठक घेणे सर्वांना शक्य नाही. लहान मुले घरी असलेल्या शिक्षिकांना तर नाहीच. महाराष्ट्रातील शिक्षकांनी गेल्या दहा वर्षांत व्हॉट्सॲपवर किती मोठे काम उभे केले आहे, हे आपण विसरू नये. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे काम पुढे आले ते पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमुळे, म्हणजे तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल अशा रीतीने मांडल्यामुळे. एका शाळेतील गोष्ट राज्यभर जाण्याचा तो मार्ग आहे.

रोखठोक

@तंत्रस्नेही_गुरुजी, मी स्वतः एकोणीस शैक्षणिक गटांत आहे. सकाळी सहाला सुविचार सुरू होतात, दहाला ‘खालील लिंक तातडीने भरावी’ येते आणि रात्री एखाद्याच्या सत्काराला शंभर अभिनंदने पडतात. त्या दिवशी कोणी ५२ वजा २७ विचारले असेल, तर ते कुठे गेले हे शोधूनही सापडणार नाही.

तंत्रस्नेही_गुरुजी

तक्रार रास्त आहे. म्हणूनच आम्ही आमचा गट नऊ जणांवर थांबवला. वरिष्ठ अधिकारी त्यात नाहीत. पाठवायचे ते एकच: मुलाच्या वहीचे किंवा पाटीचे छायाचित्र, नाव झाकून, आणि खाली ‘हे मूल असा विचार का करत असेल?’ एवढा प्रश्न. शुभेच्छा, बातम्या, परिपत्रके यांना दुसरे गट आहेतच. तीन वर्षे झाली. कधी आठवडाभर शांतता असते, आणि ती आम्ही भरून काढत नाही.

नर्मदातीर

मी इटारसीचा, मराठी घरातला, आणि आता निवृत्त. या चर्चेत मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा उल्लेख यावा असे वाटले. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने तो बंद झाला.

प्रयोगाच्या पेट्या आणि ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके लोकांच्या लक्षात राहिली. आम्हा शिक्षकांना आठवते ती मासिक गोष्ठी. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक एका शाळेत जमत, पुढच्या महिन्यातील प्रयोग स्वतःच्या हातांनी करून पाहत आणि मागच्या महिन्यात काय फसले ते सांगत. विद्यापीठांतून आलेली विद्वान मंडळी आमच्याबरोबर सतरंजीवर बसत. एकदा मी बीज अंकुरण्याविषयी एक शंका विचारली, तेव्हा त्यांच्यातील एक प्राध्यापक थोडा वेळ विचार करून म्हणाले की, मलाही माहीत नाही, आपण लावून पाहू. आम्ही लावून पाहिले. पुढच्या गोष्ठीला मी माझे रोप वर्तमानपत्रात गुंडाळून बसमधून घेऊन गेलो होतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गोष्ठीचा दिवस कामाचा दिवस मानला जाई. शिक्षकाच्या रविवारावर आणि खिशावर उभा केलेला गट दोन-तीन वर्षांत थकतो.

झाडीपट्टी

नर्मदातीर यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे जातो आणि काहीसा विरोधी सूर लावतो. शिक्षकांनी एकमेकांना आधार द्यावा हे उत्तमच. पण शिक्षण हक्क कायदा साठ पटापर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो, आणि ताई २३ मुलांसाठी एकट्या उभ्या आहेत. रिकामी जागा भरण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांना आपण ‘शिक्षकांनी स्वतःच गट केला आहे, सुरळीत चालले आहे’ असे म्हणण्याची सोय तर करून देत नाही ना?

दुसरी भीती समूह शाळांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले असल्याचे नोंदवले आहे आणि लहान शाळांचे एकाकीपण ही अडचण म्हणून मांडली आहे. त्यावर शाळा संकुलाचा उपाय सुचवला आहे, जो मुळात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचा. आयोगाच्या कल्पनेत शाळा आपापल्या जागी राहतात आणि साधने, ग्रंथालय, विशेष शिक्षक वाटून घेतात. आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेत येथील समूह शाळांचे दाखले दिले गेले. तिथे मुलांना एका ठिकाणी आणण्याचा विचार होता. शाळांनी एकमेकींना जोडून घेणे आणि एक शाळा दुसरीत विरघळणे, या दोन गोष्टींत पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी फार मोठे अंतर आहे. मध्ये ओढा असेल, तर ते अंतर शब्दशः ओलांडावे लागते.

जुना_केंद्रप्रमुख

झाडीपट्टी, आपली सावधगिरी योग्य आहे. परंतु माझा अनुभव असा की, एकटा शिक्षक जागा भरण्याची मागणी फार काळ लावून धरू शकत नाही, आणि एकमेकांना ओळखणारे आठ शिक्षक धरू शकतात. आमच्या केंद्रातील एक शाळा वाचली, ती गटामुळेच. आकडे आणि अंतरे त्यांनी एकत्र बसून मांडली.

सत्तरीकर

गोव्यातूनही एक अनुभव. आमच्याकडील अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळा अगदी लहान आहेत आणि एकशिक्षकी शाळा ही इथे नवलाची गोष्ट नाही. माझ्या शाळेत चौदा मुले आहेत. जवळच्या आणखी दोन शाळांशी ठरवून आम्ही महिन्यातून एक दिवस मुलांसह एकत्र येतो. एक जण तिन्ही शाळांची पहिली-दुसरी घेतो, एक जण तिसरी-चौथी, आणि तिसरा फक्त पाहतो व टिपणे काढतो. पाहण्याची पाळी फिरती असते. बारा वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या शिक्षकाला शिकवताना मी पहिल्यांदा पाहिले ते या दिवशी. मुलांनाही आपल्या वयाची दहा मुले एका वेळी भेटतात, खो-खोला दोन संघ होतात.

शाळेची_आई

मी शिक्षिका नाही, शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. बाईंना सोबत कोणाची, या प्रश्नात गावाचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहिते. आमच्या बाई बैठकीला किंवा टपालाला गेल्या की शाळा बंद पडू नये, म्हणून आम्ही चार पालकांनी पाळ्या लावल्या. आम्ही शिकवत नाही. एक आजी गोष्टी सांगतात, एक जण परसबाग पाहतो, अंगणवाडीच्या ताई लक्ष ठेवतात. बाईंनी आम्हाला महिन्याच्या सभेत सहीपुरते बोलावण्याऐवजी आपली अडचण सांगितली, म्हणून हे झाले. शिक्षकांनी गावाला मनातले सांगावे, एवढी विनंती.

द्राक्षबागेजवळचा

@पाड्यावरची_बाई, मी निफाड तालुक्यात आहे. दिवाळीनंतर तुमच्याकडील कुटुंबे बागांच्या कामाला इकडे येतात आणि त्यांची मुले काही महिने माझ्या शाळेच्या आसपास असतात. स्थलांतर करणाऱ्या मुलाला त्याच्या शाळेने द्यायचे शिक्षण हमी पत्रक घेऊन आलेले मूल क्वचितच दिसते. कोणते मूल कितवीत आहे आणि कुठवर आले आहे, हे मला चाचपडत शोधावे लागते, आणि ते कळेपर्यंत त्याची परतायची वेळ होते. तुमच्या पाड्यावरची मुले कोणत्या गावाला जातात ते तुम्हाला ठाऊक असते. तुम्ही मला एक फोन केलात, तर माझे दोन महिने वाचतील. शेजारची शाळा म्हणजे दर वेळी सहा किलोमीटरवरची असेल असे नाही, ऐंशी किलोमीटरवरचीही असू शकते.

वारली_मुलुख

हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आमची मुले वीटभट्ट्यांवर जातात.

पाड्यावरची_बाई

सर्वांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात काही केले आणि मग लिहावे असे ठरवले होते.

आम्ही चार शाळांचे पाच शिक्षक आहोत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की महिन्यातून एकदा एका शाळेत जमायचे, दुपारी तीनपर्यंत. पहिली बैठक माझ्या शाळेत झाली. स्वयंपाकाच्या ताईंनी नागलीच्या भाकरी आणि उडदाचे भुजे केले होते. फोटो आणि अहवाल नकोत, हे आधीच ठरले होते. केंद्रप्रमुखांना मी कल्पना दिली. त्यांनी विचार करून सांगितले की, ते बैठकीला येणार नाहीत, पण हा वेळ शिक्षण परिषदेचा भाग धरता येईल का ते पाहतील. रोखठोक आणि नर्मदातीर, तुमचे दोन्ही मुद्दे मी त्यांच्यापुढे ठेवले होते.

प्रत्येकाने एक वही आणायची होती. पहिला तास अवघडल्यासारखाच गेला, सगळ्यांनी चांगल्या मुलांच्या वह्या आणल्या होत्या. मग फोनवरच्या त्या सरांनी पिशवीतून आणखी एक वही काढली आणि म्हणाले की, ही मी दाखवणार नव्हतो. चौथीतील मुलगी, वाचते अस्खलित, पण वाचलेल्यातले काही सांगता येत नाही. त्या एका वहीवर आम्ही दीड तास बोललो. तिच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, धडा प्रमाण मराठीत आहे, आणि तिला कोणी कधी तिच्या बोलीत ‘काय झाले त्यात?’ असे विचारलेच नव्हते. सर पुढच्या सोमवारी विचारणार होते. तिने वर्गात सगळी गोष्ट उभी राहून सांगितली, दोन पात्रांची नावे स्वतःची घालून, असा त्यांचा संध्याकाळी फोन आला.

@द्राक्षबागेजवळचा, माझ्या सात मुलांची यादी तयार आहे. गाव, बागेचा रस्ता, इयत्ता आणि कोणाला काय येते ते लिहिले आहे. वजाबाकीवाला मुलगाही त्यात आहे. त्याला गठ्ठा सोडता येतो, अजून कागदावर मांडता येत नाही. तेवढे तिथे पुढे न्याल का? क्रमांक निरोपातून कळवा.

द्राक्षबागेजवळचा

निरोप पाठवला आहे. काड्या इथे भरपूर आहेत, छाटणीच्या.